सॅम्पलचं दूध

स्वतःची गाय नसताना दुधाचा पगार घेणारी आमच्या गावात मी एकटीच होते. डेअरीत माझ्या नावाचा कोड, म्हणजे खातेनंबर, होता, दर दहा दिवसांनी खात्यात पैसे पडायचे, आणि माझं म्हणावं असं एक वासरूसुद्धा दावणीला नव्हतं. बायका चेष्टेनं मला बिनगाईची गवळण म्हणायच्या. मीही हसायचे. तेव्हा हसू यायचंही.

डेअरी म्हणजे काही मोठं प्रकरण नाही. नेवासे तालुक्यातल्या आमच्या गावात, शाळेच्या भिंतीला लागून एक पत्र्याचं शेड आहे, तीच डेअरी. गावातले एक मोठे शेतकरी ती चालवतात. सगळा गाव त्यांना तात्या म्हणतो, म्हणून मीही म्हणते. पहाटे उजाडायच्या आधी लोक किटल्या घेऊन रांगेत लागतात. मशीनवर बसलेल्या माणसानं प्रत्येकाच्या किटलीत लांब दांड्याचं माप बुडवायचं आणि कपभर दूध काढायचं. हे सॅम्पल. मशीनची नळी त्यातलं घोटभर ओढून घेते, फॅट किती, डिग्री म्हणजे दाटपणा किती ते सांगते, त्यावर भाव ठरतो. कपात उरलेलं दूध किटलीत परत जात नाही. ते टेबलाखालच्या बादलीत जातं, आणि ती बादली मशीनवाल्याची. तात्यांच्या वडलांपासूनची ही रीत. मशीनवाल्याला तात्या खिशातून एक रुपया देत नाहीत. बादलीतलं दूध त्यानं आपल्या कोडवर घालायचं, तोच त्याचा पगार.

मी तिथं कशी बसले ते सांगते. बारावीचा निकाल लागला, सायन्सला बरे मार्क पडले, आणि वडील म्हणाले, "पहिल्या वर्साची फी कशीबी भरतो. फुडचं तुझं तू बघ." रागानं नाही म्हणाले. ते तात्यांच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर, घरात दोन गाया, त्यांच्यापलीकडं काही नाही. मग मी बघायला लागले. श्रीरामपूरच्या कॉलेजात 'कमवा आणि शिका' होतं. बागेला पाणी घाला, लायब्ररीतली पुस्तकं पुसा, तासावर पैसे. पण ते तास सकाळी लवकर नाहीतर संध्याकाळी, म्हणजे वसतिगृहात राहणाऱ्यांच्या सोयीचे. गावाहून एसटीनं येणाऱ्या पोरीनं ते कसे गाठायचे? शिष्यवृत्ती होती, पण तिचे पैसे वर्ष सरत आल्यावर येणार आणि फी आधी भरायची, म्हणजे लग्न लागून गेल्यावर अक्षता वाटल्यासारखं. पतपेढीत गेले तर तिथला साहेब म्हणाला, जामीनदार आण. जामीनदार म्हणून मला ओळखणारा पैसेवाला माणूस एकच, तात्या.

आणि तेव्हाच तात्यांचा मशीनवाला सुप्याच्या कंपनीत लागला. तात्या वडलांना म्हणाले, "कर्ज कशाला काढतोस? पोरीला पाठव मशीनवर. सॅम्पलचं दूध तिचं. आनि टेम्पो रोज दूध घिऊन श्रीरामपूरकडं प्लँटला जातोच की, जाईल फुडं बसून." एका दगडात माझे दोन पक्षी पडले. फीसुद्धा आणि गाडीभाडंसुद्धा. आईनं त्या दिवशी पुरण घातलं होतं.

अडीच वर्षं मी ते काम केलं, आणि चांगलं केलं, हे मीच सांगते कारण दुसरं कुणी सांगणार नाही. थंडीत हात बधिर व्हायचे, तरी माप कधी हललं नाही. संकलन झालं की तोंडावर पाणी मारायचं, ओढणी बदलायची आणि टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसायचं. मांडीवर केमिस्ट्रीचं पुस्तक. मागं कॅन आदळतायत, ड्रायव्हर गाणी लावतोय, मी सूत्रं पाठ करतेय. कॉलेजातल्या पोरी म्हणायच्या, "तुझ्या अंगाला खव्याचा वास येतो गं." मी म्हणायचे, "मग चाटा." संध्याकाळी पाचच्या एसटीनं परत, लगेच दुसरं संकलन. गावातले लोक वडलांना म्हणायचे, पोरगी स्वतःच्या पायावर शिकतीय हां. वडील खूश, मीही खूश. स्वतःच्या पायावर! किती गोड वाटायचं ते ऐकायला.

आता माझ्या मैत्रिणीचं सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्याच गल्लीतली. पहिलीपासून बारावीपर्यंत एका बाकावर. बारावीत तिला माझ्यापेक्षा जास्त मार्क होते, थोडेथोडके नाहीत, चांगले जास्त. पण तिच्या भावाला त्याच वर्षी डिप्लोमाला घातलं, आणि तिची आई म्हणाली, "दोघांचं येकदम न्हाई झेपत बाई." झालं. ती घरी राहिली. त्यांची एकच गाय. वैरण, शेण, धारा सगळं हिच्यावर आलं. किटली घेऊन रांगेत मात्र तिची आई यायची, काकू. ती स्वतः कधी येत नव्हती. मला वाटायचं, कामात असेल. मी कधी विचारलं नाही.

तिसऱ्या वर्षाला आले आणि जीव टांगणीला लागला. शेवटचं वर्ष, प्रोजेक्ट, परीक्षेची फी, आणि प्रॅक्टिकलला बसू द्यायचं तर आधीचं सगळं भरलेलं हवं. हे वर्ष निघालं की पदवी हातात येते आणि कुठल्या तरी लॅबमध्ये नोकरी लागते. हे वर्ष गेलं तर वडील आणखी वर्षभर थांबणार नव्हते, मग स्थळं बघणं सुरू. घरात कुणी तसं बोललं नव्हतं, पण मावशी येता जाता दोन फोटो दाखवून गेली होती. त्यामुळं ती बादली भरणं माझ्यासाठी काय होतं ते समजून घ्या. सकाळी बादली भरली की माझा दिवस बरा जायचा.

त्या हिवाळ्यात काकूंची गाय आटत आली. किटलीत तळाशी दूध. आणि माप तेच. वीस लिटरवाल्याचा एक कप, आणि दोन लिटरवालीचाही एकच कप. हे पहिल्या दिवसापासून तसंच होतं. मी रोज केमिस्ट्रीत टक्केवारी काढत होते, पण ही टक्केवारी काढावी असं कधी सुचलं नाही. त्या दिवसांत काकूंच्या किटलीत माप बुडवलं की ते तळाला लागायचं, खण् असा आवाज व्हायचा. काकू झाकण लावून पावती पदराला बांधून जायच्या.

एक दिवस काकूंना ताप आला आणि किटली घेऊन मैत्रीण आली.

डोक्याला रुमाल, हाताला शेणाचा वास, पायात भावाच्या जुन्या चपला. मी टेबलाच्या आत, स्वेटर घातलेली, मागं खिळ्याला कॉलेजची बॅग. ती माझ्याकडं बघून हसली, साधंच. मी माप बुडवलं. खण्. कप भरला, मशीनला लावला, आकडा आला. मग कप उचलला आणि माझा हात बादलीकडं जायच्या ऐवजी तिच्या किटलीकडं गेला. उरलेलं दूध मी परत ओतलं.

ठरवून नाही केलं. खरंच नाही. झालं तसं.

मागं आमच्या भावकीतले एक चुलते उभे होते. दोन मोठ्या किटल्या, रोज सगळ्यात जास्त दूध त्यांचंच. त्यांनी बघितलं. "आँ? हे काय गं? तिचं परत वतलंस? मंग आमचं?"

मी म्हटलं, "थोडंच आहे काका तिचं."

"थोडं आसू दे न्हाई तर लई. आमच्या गाया काय हवा खात्यात व्हय? पेंडीचा भाव ठावं हाय का तुला? अडीच वर्सं झाली, रोज दोन टायम काढतीयास, कधी थेंब वतला न्हाईस परत!"

एवढं ठिणगी पडायला पुरे होतं. रांगेतल्या बायका, म्हातारे, सगळे एकदम सुरू झाले. जे अडीच वर्षं पोटात होतं ते बाहेर आलं. आमचंबी वत. कालचंबी वत. एक बाई, जी मला रोज 'शिक गं बाई, शिक' म्हणायची, तीच म्हणाली, "आमच्या लेकी काय शिकाया नको हुत्या? हिचं कालेज आमच्या कपानं चाललंय, आनि म्हनं सोताच्या पायावर!" माझ्या कानशिलांतून वाफा निघाल्या. तोंडात आलं होतं की अहो, तुमची पोरगी दोनदा नापास झाली त्याला मी काय करू? पण जीभ चावली. कारण ती बाई खोटं बोलत नव्हती. त्याचाच जास्त राग आला.

मैत्रीण किटली उचलून केव्हाच निघून गेली होती.

आरडाओरडा ऐकून तात्या आले. शांतपणे सगळ्यांचं ऐकलं. मला वाटलं, ते माझी बाजू घेतील. पोरगी गावाची आहे, शिकतेय, वगैरे. तात्या रांगेला म्हणाले, "सॅम्पल परत वतायचं म्हनलं तर मशीनवाल्याला पगार मला द्यावा लागंल, आनि पगार द्यायचा म्हनलं तर तुमचा भाव मला कमी करावा लागंल. बोला, काय करू?" रांगेतले आपापल्या किटल्यांची झाकणं चाचपायला लागले. "ज्याला पटत न्हाई त्यानं घोडेगावच्या रस्त्याला दुसरी डेअरी हाय, तिथं घाला दूध." तिथपर्यंत किटली डोक्यावर कोण नेणार? मग माझ्याकडं वळले. "आनि तू गं. मापाची चाल तू मोडलीस. उद्यापासनं येऊ नको."

एवढंच. अडीच वर्षं, आणि एवढंच.

त्या दिवशी टेम्पो माझ्याशिवाय गेला. घरी आले तर आईच्या कानावर सगळं आधीच गेलेलं. दुपारी वडील जेवायला आले, भाकरी पुढं घेऊन तसेच बसून राहिले. "परत वतायची काय गरज हुती?" त्यांचा आवाज चढला नाही, आणि म्हणून मला रडू आलं. "तात्यांच्या ट्रॅक्टरवर मला रोज बसायचं हाय."

आई उसळली, "चोरी केली का तिनं? दिलंच की परत!"

"तेच तर," वडील म्हणाले. "दिलं परत, म्हंजे लोकांला कळलं की ते त्यांचं हुतं."

संध्याकाळी मी मैत्रिणीकडं गेले. खरं सांगते, मला वाटलं होतं ती गळ्यात पडेल. म्हणेल, माझ्यामुळं तुझं काम गेलं गं. ती गोठ्यात होती. शेणाची पाटी खाली ठेवली, हात पुसले आणि म्हणाली, "तुला कोनी सांगितलं हुतं परत वतायला?"

मी म्हटलं, "अगं, तुमची गाय आटलीय, म्हणून..."

"म्हनून कीव आली. व्हय ना? सगळ्या रांगेफुडं!" तिनं पाटी पायानं बाजूला सारली. "अडीच वर्सं माझी आई भरती तुझी फी. म्या कधी बोलले का काही? मला कप नको हुता. मला तिथं बसायचं हुतं. मशीनवर. बारावी झाल्यावर तात्यांकडं मी पन गेल्ते, ठावं हाय तुला? तात्या म्हनले, ड्रायव्हरच्या पोरीला शब्द दिलाय."

मला ठाऊक नव्हतं. तिनं सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. मग माझा स्वभाव आडवा आला. मी म्हटलं, "मग आता जा की. जागा रिकामी आहे."

ती म्हणाली, "जानारच हाय."

आणि गेली. आठवडाभरातच ती मशीनवर बसलेली लोकांनी बघितली. अटी त्याच, बादली तीच. चुलते, ती बाई, सगळे निमूट किटल्या पुढं करत होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुठं गेला आता आवाज? पण कुणावर ओरडणार? ती माझ्याच पायरीवर उभी होती. जूनमध्ये कॉलेजला नाव घालायचं, असं तिनं ठरवल्याचं आईनं मला सांगितलं. आईच्या आवाजात थोडं कौतुकही होतं, तेसुद्धा मला खपलं नाही.

मी कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात लागले. दुपारचे तास बुडवून पोरांच्या नोट्सच्या प्रती काढायच्या. माझ्या स्वतःच्या नोट्स अर्धवट, आणि दुसऱ्यांच्या मी गठ्ठ्यानं बांधत होते. सरांनी एकदा बोलावून विचारलं, "हजेरी का कमी होतेय? घरी काही अडचण?" मी म्हटलं, "नाही सर." काय सांगणार, कप परत ओतला म्हणून? रात्रीच्या मुक्कामी एसटीनं गावात पोचेपर्यंत डोळे मिटायचे. परीक्षेची फी शेवटी आईनं तिच्या दुधाच्या पगारातून भरली. म्हणजे किराणा त्या महिन्यात उधारीवर. डब्यातली भाजी पातळ झाली.

प्रॅक्टिकलचा दिवस आला. नऊ वाजता लॅबमध्ये हजर, नाहीतर वर्ष गेलं, एवढं साधं. आदल्या दिवशी वडलांना ट्रॅक्टर घेऊन पारनेरकडं पाठवलं होतं, आणि सकाळी आई पाठ धरून बसली. म्हणाली, "तेवढी किटली घालून ये, मग जा एसटीनं."

मी किटली घेऊन रांगेत लागले. अडीच वर्षं मी त्या टेबलाच्या पलीकडं होते. या बाजूनं टेबल उंच वाटतं, हे मला माहीत नव्हतं. माझा नंबर आला. मैत्रीण आत, माझ्यासारखाच स्वेटर घालून. तिनं माप बुडवलं, कप भरला, मशीनला लावला. आकडा आला. मी झाकण हातात धरून उभी होते. मला काय पाहिजे होतं ते मलाच सांगता येणार नाही. तिनं परत ओतलं असतं तर मी तिला जन्मात माफ केलं नसतं. आणि तरी मी झाकण लावत नव्हते.

तिनं कप बादलीत पालथा केला. "झाकन लाव," म्हणाली.

मी घरी किटली टाकली, बॅग घेतली आणि फाट्याकडं पळत सुटले. फाट्यावर माणसं उभी होती, त्यांनी सांगितलं, आठची गाडी रद्द. लग्नाला दिलीय म्हणे. माझ्या तोंडचं पाणी पळालं. हात करून दोन गाड्या बघितल्या, थांबल्या नाहीत. मग टेम्पो आला. ड्रायव्हरनं मला बघितलं, हात वर केला आणि गाडी पुढं काढली. तिथं एकच सीट असते, आणि ती मशीनवाल्याची. नेमकं त्या दिवशी मशीनच्या कसल्याशा सामानासाठी मैत्रिणीला तात्यांनी श्रीरामपूरला पाठवलं होतं.

टेम्पो थोडा पुढं जाऊन थांबला. दार उघडलं. तिनं बाहेर डोकं काढून ओरडून सांगितलं, "पळ की! का सांगावा धाडू?"

मला नाही म्हणायचं होतं. देवाशपथ, जिभेवर होतं. पण नऊ वाजता प्रॅक्टिकल होतं. मी पळाले.

ती सरकून ड्रायव्हरच्या बाजूला अर्ध्या सीटवर बसली, उरलेल्या अर्ध्यावर मी. दार कसंबसं लागलं. गिअर टाकताना ड्रायव्हरचा हात तिच्या गुडघ्याला लागत होता म्हणून तिनं पाय माझ्या पायांवर टाकले. मागं कॅन आदळत होते. माझ्या मांडीवर पुस्तक होतं, पण अक्षर दिसत नव्हतं, कारण डोळे भरले होते. रागानं, लाजेनं, कशानं कुणास ठाऊक. बराच वेळ गेला. शेवटी मला राहवलं नाही. मी खिडकीकडं बघत विचारलं, "आज आमचं किती काढलंस?"

"तू आमचं काढायचीस तेवढंच," ती म्हणाली.